बिनआवाजाची गाडी

मंदाकिनीबाई सबनीसांना कमी ऐकू येतं हे कोणी ठरवलं, ते घरात कुणालाच सांगता आलं नसतं. ते आपोआप ठरत गेलं होतं. त्याला कारण होती सबनीसांची जुनी डिझेलची गाडी. आठ माणसं मावतील अशी ती गाडी माधवने, म्हणजे त्यांच्या मुलाने, बाजवा गावच्या एका कंत्राटदाराकडून घेतली होती आणि त्याआधी ती मजुरांची ने-आण करायची. ती सुरू झाली की काचा, टपावरचं कॅरिअर आणि पुढच्या सीटवर बसलेल्या मंदाकिनीबाई असं सगळं एका तालात हलायला लागे. मागून कुणी काही विचारलं की बाई म्हणत, "आं?" पुन्हा विचारलं की पुन्हा "आं?" अशी काही वर्षं गेल्यावर घरातही सगळे त्यांच्याशी वरच्या पट्टीत बोलायला लागले, आणि वरच्या पट्टीतलं त्यांना ऐकू येई, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण उरलं नाही.

बाईंनीही कधी खुलासा केला नाही. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. वर्गातली कुजबुज ऐकून ऐकून त्या इतक्या थकल्या होत्या की आता थोडं कमी ऐकू येत असेल तर येऊ दे, असं त्यांना वाटे.

दोन हजार तीन साली डिझेलच्या गाडीने एकदाची मान टाकली. माधवचा कॉलेजातला मित्र हेरंब तेव्हा मकरपुऱ्याच्या शेडमध्ये बॅटरीवर चालणारी व्हॅन बनवत होता. एक दिवस तो ती घेऊन थेट दारात आला. आला ते कुणाला कळलंच नाही. बेल वाजली तेव्हा कळलं.

"काकू, धूर नाही, वास नाही, आवाज नाही," हेरंब म्हणाला. "फॅमिलीसाठीच बनवली आहे. दोन महिने वापरा. आवडली तर ठेवा, नाही तर मी घेऊन जातो. फक्त चार्जिंगला लावलेली असताना मिक्सर लावू नका."

पहिल्याच रविवारी सगळे डभोईला निघाले. जयवंतरावांच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या, चुलतभावाकडे साखरपुडा होता. माधव गाडी चालवत होता. बाई नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी पुढे. मधल्या सीटवर दोघी सुना, थोरली संपदा आणि धाकटी निरुपमा. निरुपमाचा नवरा मस्कतला नोकरीला होता, म्हणून ती इथेच असे. सगळ्यात मागे जयवंतराव आणि नात ओवी, संपदाची मुलगी. मागे बसलं की गुडघे लांब करता येतात, असं जयवंतराव सांगत.

गावाबाहेर पडेपर्यंत गायींची मोठी अडचण झाली. गाडी आल्याचं त्यांना कळेच ना. माधव हॉर्न वाजवून वाजवून दमला. मग मोकळा रस्ता लागला, आणि मंदाकिनीबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला निरुपमाच्या बांगड्या ऐकू येताहेत. मग कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग कुरुम असा एक आवाज.

"घे तू पण," सगळ्यात मागून जयवंतराव हळूच ओवीला म्हणाले. "पण सावकाश चाव."

भाखरवडी होती ती, यात शंका नव्हती. जयवंतरावांना साखर आणि तळलेलं, दोन्ही बंद होतं, आणि ते बंद ठेवण्यासाठी बाईंनी घरातले डबे वरच्या फळीवर चढवले होते. इतक्या वर्षांच्या लांब केलेल्या गुडघ्यांचा त्यांना आता उलगडा झाला. त्या मागे वळणार, तेवढ्यात मधल्या सीटवरून दुसरा आवाज आला.

"संपदाऽ, दशम्या घेतल्यास का? ताक घेतलंस का? आणि लोणच्याची बरणी उभी ठेव होऽ, आडवी नको."

आवाज संपदाचा होता, पण बोलत होत्या मंदाकिनीबाई. तोच हेल, तोच शेवटचा 'हो'. निरुपमा तोंडावर पदर दाबून हसत होती, तेही ऐकू आलं. बाईंची कानशिलं तापली. डोळ्यांत पाणी येईल की काय, असंही क्षणभर वाटलं. या मुलीच्या बाळंतपणात आपण रात्री जागवल्या. पण मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. नक्कल चांगली होती. 'हो' आपण खरंच तसा म्हणतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी याहून पुष्कळ वाईट नकला पाहिल्या होत्या आणि बक्षीसही दिलं होतं.

माधवने घाबरून आईकडे तिरक्या नजरेने पाहिलं. बाई कपाशीच्या शेतांकडे बघत होत्या. चेहरा अगदी शांत. माधवचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर त्याने बायकोला म्हटलंसुद्धा, की गाडी फार शांत आहे, जरा जपून बोल. संपदा म्हणाली, "आईंना घरात ऐकू येत नाही, गाडीत कुठून येणार?" माधवलाही ते पटलं. चेहरा त्याने स्वतःच पाहिला होता.

पुढच्या सहलीला, करजणला जाताना, संपदा पहाटे उठून दशम्या लाटायला बसली, तर बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "राहू दे. आज हायवेवर कुठेतरी खाऊ." संपदा लाटणं हातात धरून त्या गेल्या त्या दाराकडे बघत राहिली.

गाडीत तिला राहवेना. "आईंना बरं नाहीये का गं?" तिने निरुपमाला विचारलं.

"वय झालं की माणसं मऊ होतात," निरुपमा म्हणाली.

"तुमच्या सासूबाई?" मागून जयवंतराव म्हणाले आणि कागद चुरगळला.

बाई पुढे बसून हे सगळं ऐकत होत्या, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांत त्यांना इतकी मजा आली नव्हती. निरुपमाला देवघरातल्या उदबत्तीने शिंका येतात, ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून उदबत्ती बदलली. ओवीला वेणी घट्ट नको असते, ते कळलं. वेणी सैल झाली. घरात सगळे एकमेकांना म्हणायला लागले, की ही गाडी आल्यापासून आई बदलल्या. हेरंबला ते कुणीतरी सांगितलं, तर त्याने त्याचं श्रेय शुद्ध हवेला दिलं.

फसल्या त्या एकाच ठिकाणी. करजणला उतरताना त्या जयवंतरावांच्या जवळून जाता जाता म्हणाल्या, "खिसा झटका. मुंग्या लागतील."

जयवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. खिसा आतून-बाहेरून झटकला. कचेरीत असताना वरिष्ठांच्या कपाळावरची आठी पाहून फाइल कुठे अडकणार हे ओळखणारा माणूस तो. परतीच्या वाटेवर त्यांनी घसा खाकरला.

"संपदा, एक सांगतो. तुमच्या सासूला सांगू नका. मी रिटायर होऊन घरी आलो ना, त्या दिवशी हार-नारळ हातात घेऊन दारात उभा होतो, आणि मला रडू येणार होतं. ही आतून आली आणि म्हणाली, बरं झालं आलात, मोरीचा नळ गळतोय. मी तसाच पाना घेऊन बसलो. नळ झाला आणि रडूही गेलं. तिने वाचवलं मला त्या दिवशी. इतक्या वर्षांत तिला कधी म्हटलं नाही."

पुढे बाईंनी खिडकीची काच उगाचच वर केली आणि खाली केली. त्यांना तो नळ आठवत होता. तो गळत नव्हता, त्यांनीच त्याचा आटा ढिला केला होता. हे यांना ठाऊक नव्हतं, आणि आता सांगताही येत नव्हतं.

"मनाने मोठी बाई आहे," जयवंतराव पुढे म्हणाले. "महिन्यातून एखादी भाखरवडी ती मनावर घेणार नाही."

त्यातलं खरं कुठे संपलं आणि भाखरवडी कुठे सुरू झाली, ते बाईंना पुढचे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. विचारायचं तर ऐकू येतं हे कबूल करावं लागलं असतं.

इकडे संपदाला वाईट वाटायला लागलं होतं. आई इतक्या बदलल्या, आपण मात्र त्यांच्या मागे त्यांच्या नकला करतो. तिने निरुपमाशी गाडीतच ठरवलं, की आईंसाठी काहीतरी करायचं. कानाचं मशीन घ्यायचं. बाईंनी ते ऐकलं. पण ऐकल्याचं कबूल केल्याशिवाय नको म्हणता येईना. घरी माधवने विषय काढला तेव्हा "कशाला उगाच" म्हणून त्यांनी टाळून पाहिलं, पण अलकापुरीतल्या डॉक्टरची वेळ आधीच घेऊन झाली होती.

"जाऊन ये," जयवंतराव पेपरामागून म्हणाले. "तपासलेलं बरं असतं."

डॉक्टर तरुण गुजराती मुलगी होती. तिने बाईंच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबायचं. बटण दाबलं नाही म्हणजे झालं, असं बाईंनी वाटेत ठरवून ठेवलं होतं. पण समोर परीक्षा मांडली, आणि कॉपी करणाऱ्या मुलांना जन्मभर वर्गाबाहेर काढलेल्या त्या बाईंना ते जमेना. पहिला बारीक आवाज आला आणि अंगठा आपोआप खाली गेला. मग त्यांनी एकही सोडला नाही.

"बाना कान तो एकदम सरस छे," डॉक्टर माधव आणि दोघी सुनांना म्हणाली. "मारा करतां पण सारा." म्हणजे तिच्या स्वतःच्या कानांहूनही चांगले.

परतताना गाडीत संपदा दोन महिन्यांत काय काय बोलली ते मनात आठवत होती आणि आठवेल तसा तिचा रंग बदलत होता. निरुपमाने बांगड्या दुसऱ्या हाताने धरून ठेवल्या होत्या.

बाई समोर बघतच म्हणाल्या, "संपदा, तो 'हो' चांगला जमतो तुला. फक्त मी जरा जास्त लांबवते."

संपदा म्हणाली, "आई, तुम्ही सांगायचं होतंत."

"कशी सांगणार? मला ऐकू कुठे येतं?"

मग संपदा एकदम पुढे वाकली. "मग आता समोरच सांगते. मला दशम्या करायचा कंटाळा येतो. खायलाही आवडत नाहीत."

"मलाही नाही आवडत," बाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाई करायला लावायच्या. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना हव्या असतात."

"कुणाला हव्या आहेत?" माधवने विचारलं. कुणालाच हव्या नव्हत्या. मग उदबत्ती निघाली, वेण्या निघाल्या, सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्या गडबडीत माधवचं वळण चुकलं आणि गाडी पार स्टेशनापर्यंत जाऊन आली.

हेरंब उत्तर विचारायला आला तेव्हा मधल्या सीटवाल्यांचं मत स्वच्छ होतं. गाडी लांब जात नाही, गायी हटत नाहीत, मिक्सर लावता येत नाही. परत द्यावी. मंदाकिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या शहरातल्या धुराबद्दल, नातीच्या छातीबद्दल आणि डिझेलच्या भावाबद्दल इतकं कळकळीने बोलल्या, की हेरंबने डोळे पुसले. जयवंतरावांनी गंभीर चेहऱ्याने पाठिंबा दिला. त्यांना मागच्या सीटवरून पुढे अजून बरंच काही पोचवायचं होतं.

गाडी राहिली. दुसऱ्याच दिवशी संपदा बाजारात जाऊन एक दणदणीत टेप आणि त्याचे दोन स्पीकर घेऊन आली आणि हेरंबला म्हणाली, दोन्ही स्पीकर पुढे बसवा, आईंच्या सीटजवळ. बॅटरी लवकर उतरेल, असं हेरंबने परोपरीने सांगून पाहिलं. "थोडं कमी फिरू," संपदा म्हणाली. स्पीकर तिच्या मनासारखे बसले. टेप मात्र हेरंबने त्याच्या सोयीने काचेखालच्या पुढच्या फळीत बसवला, आणि आवाज कमी करायचं बटण नेमकं मंदाकिनीबाईंच्या हाताशी आलं.