साथीचा रेकिंतो

मित्रांनो, मला पाहून तुम्ही गिटार म्हणाल. म्हणा, हरकत नाही. पण माझे खरे नाव रेकिंतो. मी गिटारीचा धाकटा भाऊ. अंगाने लहान आणि आवाजाने चढा.

डोंगरातल्या सान बार्तोलोमे गावी एका कारागिराने मला घडवले. तिथून बाल्दा नावाच्या मालकाने मला ग्वायाकिल या बंदराच्या शहरात आणले. त्यांचा गाण्यांच्या तबकड्या काढण्याचा कारखाना होता. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले होते आणि आवाज येतो म्हणून पंखाही बंद ठेवत. नदीवरचा वारा दारापर्यंत येई आणि तिथूनच परत फिरे.

त्या खोलीत मला वाजवायला सिक्स्तो तोमाला आला. कोळ्याचा मुलगा, बोटे जाळ्याच्या दोरीने राठ झालेली. पण तारेवर ती बोटे इतकी हलकी पडत, की मलाच नवल वाटे. गायक बदलत, साथीला एक ढोलवाला आणि आम्ही दोघे.

एकदा ओल्मेदो रेंदोन या गायकाचे गाणे सुरू होण्याआधी सिक्स्तोने सहज एक लकेर घेतली. जिना उतरावा तशी, शेवटच्या पायरीवर किंचित अडखळणारी. ते गाणे गावभर झाले. खाणावळीत, बंदरावर, न्हाव्याच्या दुकानात तीच लकेर. तबकडीवर चित्र मात्र रेंदोनचे. एका गुत्त्यात सिक्स्तो म्हणाला, "हे मी वाजवलंय." शेजारचा म्हणाला, "असं होय? आणि मी रोमचा पोप." हे त्याने आमच्या ढोलवाल्याला हसत हसतच सांगितले होते, पण त्या दिवशी माझ्या तारा त्याने फार वेळ जुळवल्या.

तिथून आमचा तुरुंग सुरू झाला. प्रत्येक गाण्याला मालकांना तीच लकेर हवी. सिक्स्तो काही वेगळे वाजवू लागला, की शेजारच्या यंत्रखोलीच्या काचेपलीकडून त्यांचे बोट वर होई. "तेच टाक, सिक्स्तो. लोक तेच मागतात." बाहेर कुठे वाजवायचे नाही, असेही त्याच्याकडून लिहून घेतले होते. काम संपले, की मी कपाटात आणि कुलपाची किल्ली मालकांच्या खिशात. वर्षे गेली. ती लकेर वाजवताना सिक्स्तोची बोटे चालत, पण तो स्वतः तिथे नसे. मला ते कळत होते. मी तरी काय करणार?

मग त्याच्या मुलीचे लग्न ठरले. एका संध्याकाळपुरते त्याने मला मागितले. मालक शांतपणे म्हणाले, "वाद्य घरचं आहे. लग्नाबिग्नात नाही जायचं. आणि तूही घरचाच आहेस, लक्षात ठेव."

सिक्स्तोने माझ्या तारांवर तळहात ठेवला. माझा आवाज पुरता थांबेपर्यंत तो काढला नाही.

"मी इथला नाही, मालक," तो म्हणाला. "माझं घर वेगळं आहे, आणि तिथे लग्न आहे."

मला खुर्चीवर ठेवून तो निघून गेला. तो परत आला नाही. तो सुटला याचा मला आनंद झाला. आणि मला नेले नाही याचे दुःखही झाले. दोन्ही खरे आहे.

नंतर दुसरे वादक आले. त्यांनाही सांगत, "सिक्स्तोसारखं वाजव." पुढे वाद्यांचे आवाज काढणारी यंत्रे आली आणि मी कपाटात विसरला गेलो. तारा तशाच ताणलेल्या. त्या ओढीने माझी समोरची फळी फुगली, मग तडकली.

कारखाना बंद पडल्यावर मला शहरातल्या संग्रहालयाने नेले. आता मी काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे: 'ओल्मेदो रेंदोन यांचा रेकिंतो'.

मध्यंतरी एक म्हातारी आली, सिक्स्तोची बायको सोइला. सोबत लेक होती. सिक्स्तोचे मनगट टेकून टेकून माझा रंग जिथे उडाला आहे, तिथे तिने काचेवर बोटे ठेवली.

"आजी, काचेला हात नको," पहारेकरी म्हणाला.

"बाळा, हा रेंदोनचा नाही. त्याला दोन तारा जुळवता येत नव्हत्या. हा माझ्या नवऱ्याच्या हातातला."

"पाटीवर तसं लिहिलंय, आजी."

"पाटीच बोलणार असेल, तर याला कशाला ठेवलंय?"

मग तिने सांगितले, की सिक्स्तो त्या लग्नात शेजाऱ्याची गिटार मागून वाजवत बसला. पुढे कोळ्यांच्या जत्रांत, बारशांना वाजवले. एकच सुरुवात दोनदा कधी केली नाही. गेल्या साली झोपेतच गेला. मी काचेआडून सारे ऐकत होतो. एक तार जरी हलली असती, तरी मी तिला ओ दिली असती.

मित्रांनो, घरात वाद्य असेल तर त्याला शोभेला ठेवू नका, कुणाच्या तरी मांडीवर द्या. आणि गाणे आवडले, की गाणाऱ्याच्या मागे कोण बसले आहे तेही विचारा.

सोइला गेल्यावर पहारेकरी फडके घेऊन आला. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. तो क्षणभर थांबला. मग त्याने ते पुसून टाकले.