तडी

रस्त्यासाठी डोंगर तुम्ही उभा कापलात. पायऱ्यापायऱ्यांनी कापायचा असतो हे तुम्हाला ठाऊक होतं, पण त्याला वेळ लागतो. कोसळला तेव्हा सगळं पावसावर ढकललंत. खाली राबणारा बाबाजी सापडला नाही, तर त्याला 'बेपत्ता' म्हणालात. जणू तो बायकोला टाकून पळाला होता.

ती बायको, कौसल्या, तीन वर्षांनी त्याच किनाऱ्याच्या रस्त्यानं निघाली होती. भाड्याच्या मोटारीत, पुढच्या सीटवर मांडी घालून.

"पाय खाली सोड की गं आई."

"सोडते. गाडी कुणाची म्हणालास?"

"भाड्याची. आपली आपण चालवायची."

"म्हंजे मालक न्हाई, डायवर न्हाई. कुणी अडवलं तर?"

"मीच डायवर, मीच मालक. उद्या सांजपर्यंत."

"तेवढ्यापुरता तरी झालास म्हण की मालक."

आकाश हसला. बेलूरच्या कारखान्यातून दोन दिवसांची सुट्टी काढून तो आईला समुद्र दाखवायला निघाला होता. उणकलच्या गल्लीतून तिला बाहेर काढायचं होतं. तिथं हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला येणाऱ्या बायका दारात घुटमळायच्या. हिला कुंकू लावावं की लावू नये? शेवटी न बोलताच पुढच्या दारी जायच्या. दाजीबानपेठेतल्या दुकानात खाली मान घालून साड्यांना फॉल लावताना कौसल्याला बरं वाटायचं. फॉल काही विचारत नाही.

घाट उतरून, अंकोला मागे टाकून ते दक्षिणेकडे वळले. उजव्या हाताला समुद्र दिसला. काळ्या खडकांवर लाटा फुटत होत्या. आकाशनं वाटेत मिरजानचा किल्ला दाखवला. जांभ्या दगडाची, शेवाळलेली तटबंदी. कौसल्यानं भिंतीला हात लावला.

"शेकडो वर्षं उभा हाय म्हणतोस?"

"हो."

"ह्यांनी कापलेला डोंगर दोन पावसाळे टिकला न्हाई." मग ती गाडीकडे वळली. "आता तिथं घेऊन चल."

आकाशला वाटलं होतं, आई तिथलं नाव काढणार नाही. त्यानं गाडी सुरू केली.

ती जागा खाडीच्या काठी होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पाणी, मधून तुकतुकीत रस्ता. डोंगराला आता लोखंडी जाळी घातली होती. आकाशनं गाडी कडेला घेतली. कौसल्या खाली उतरली.

डोंगर कोसळला त्या दिवशी दुपारी बाबाजीचा फोन आला होता. "जेवलीस काय?" तिनं उलट विचारलं, "तुम्ही कुठं हायसा? कसला आवाज हो त्यो?" बाबाजी म्हणाला, "तडी…" आणि फोन गप्प झाला.

त्यांच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. दूध उतू जायला लागलं, दारात कुणी आलं, की जो तो "तडी, तडी" करायचा. कानडीत थांब, थांब. तिला वाटलं, कसला आवाज ते बघून येतो, थांब म्हणाले. म्हणून ती फोन कानाला लावून थांबली. मग तीन वर्षं थांबली.

रस्त्याच्या कामावरच्या साहेबाला तिनं हे सांगितलं होतं. तोही कानडी. त्यानंही तोच अर्थ घेतला आणि दर खेपेला तेच ऐकवलं, "तडीरी अम्मा, तडीरी." थांबा.

खालून एक म्हातारी तिसऱ्यांची, खाडीतल्या शिंपल्यांची, टोपली घेऊन चढून आली. काष्टा गुडघ्यापर्यंत भिजलेला. आकाशनं खिडकीतून विचारलं, "मावशी, रस्त्याचे कामगार कुठं राहायचे हो?"

"रावताले थंय, दोंगरा मुळांत." तिनं जाळीकडे बोट केलं. मग खाली पाण्याकडे हात करून म्हणाली, "पूण जेवूंक सकयल बसताले. तडीर."

"काय म्हणालीसा?" कौसल्या पुढे झाली.

"तडीर गो. हांगा, पाण्याचे तडीर."

कौसल्या उभी राहिली ती राहिलीच. नदीच्या तडीला धुणं, तळ्याच्या तडीला म्हशी. अळणावरकडच्या तिच्या माहेरी काठाला हाच शब्द होता. तिनं 'कुठं' म्हणून विचारलं होतं. नवऱ्यानं मराठीत सांगितलं, तिनं कानडीत ऐकलं.

"आक्या," ती म्हणाली, "तुझ्या बानं जागा सांगितली होती रं."

आकाशनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

म्हातारीचा हात धरून ती खाली उतरली. पदराची गाठ सोडून भाकरी काढली, ओल्या खडकावर ठेवली, आणि शेजारी पाण्याकडे तोंड करून बसली. जेवायला कुणी यायचं असलं की बसतात तशी. मंगळसूत्राला तिनं हात लावला नाही. भरतीचं पाणी चढत चढत भाकरीपर्यंत आलं आणि ती घेऊन गेलं.

तुम्ही ढिगारा उपसलात तो रस्त्यावरचा. गाड्या खोळंबल्या होत्या. रस्ता मोकळा झाला आणि शोध संपला. निम्मा डोंगर खाडीत गेला होता, ते तुम्हाला दिसत होतं. कामगार जेवायला कुठं बसतात, हे तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला माहीत होतं. तिला कुणी विचारलं?

तडीला शोधायला तुमचं कोण उतरलं होतं, तेवढं सांगा. आणि आता 'तडीरी' म्हणू नका.