पाठकोरा कागद

विचुंब्याच्या मैदानावर यंदा रंजिताची खुर्ची होती. प्लॅस्टिकची, एका हाताला चिरलेली, पण स्वतःची. मागच्या वर्षीपर्यंत त्या खुर्चीवर केतन बसायचा आणि गावच्या टेनिस क्रिकेट स्पर्धेचा स्कोअर लिहायचा. स्पर्धेला चार दिवस उरले आणि केतनला उरणला नोकरी लागली. वही कोण धरणार म्हणून शिवाकाका सगळ्या आळीला विचारत फिरला. तेव्हा नववीतली रंजिता, जी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायची, ती ओट्यावरून मोठ्याने म्हणाली, "मी धरते."

"तू?" शिवाकाका म्हणाला. स्पर्धा त्याची, मंडप त्याचा, माइकसुद्धा त्याचाच.

"मी. का? लिवताना बॉल अंगावर येतो का?"

ओट्यावरचे सगळे हसले आणि वही रंजिताकडे आली. पहिल्या दोन सामन्यांतच तिला कळलं की हे आपल्याला जमतं. नुसतं जमत नाही, मजा येते. चौकार गेला की पोरं नाचतात, पण तो चौकार खरा होतो कधी? रंजिताने चारचा आकडा काढल्यावर. अंपायरसुद्धा हात वर करून आधी तिच्याकडे बघायचा. अशी सवय लागली की माणूस वर्गातही जरा मोठ्याने बोलायला लागतो. रंजिताचं तसंच झालं.

आता घरातली गोष्ट. रंजिताला गणितात एकोणनव्वद होते आणि इंग्रजीत अडतीस. पुढच्या वर्षी दहावी. खांदा कॉलनीत एकाच इमारतीत दोन क्लास होते, पहिल्या मजल्यावर चारुदत्त सरांचा गणिताचा आणि दुसऱ्यावर आभा मॅडमचा इंग्रजीचा. दोन्हींची वेळ एकच, संध्याकाळी पाच ते सात. म्हणजे एकच निवडायचा. नाव रविवारपर्यंत द्यायचं होतं. रंजिताला पहिलाच मजला हवा होता. चारुदत्त सर म्हणे पुस्तकाबाहेरची उदाहरणं देतात, एकेक उदाहरण दोन दोन दिवस पुरतं. तिला तर ऐकूनच भूक लागली होती.

बाबांना दुसरा मजला हवा होता. तिच्या बाबांचा, कुमारचा, रेती-खडीचा धंदा होता. ते म्हणाले, "मी साइटवर इंजिनिअरसमोर उभा राहतो. खडीच्या ब्रासचा हिशोब माझा तोंडपाठ. पण तो इंग्रजीत मेल पाठवतो नि मी तो हृतिककडून वाचून घेतो. हृतिककडून!"

हृतिक म्हणजे शिवाकाकाचा मुलगा, विचुंबे संघाचा कप्तान. त्याला स्वतःला बारावीत इंग्रजीत पस्तीस होते, तेही देवाच्या दयेने. त्यामुळे बाबांचं दुःख खरं होतं.

"बाबा, गणित आलं की सगळं येतं," रंजिता म्हणाली.

"मंग इंग्रजी का नाय आलं?"

"तुमी रविवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. का थांबा, ते तिलाही माहीत नव्हतं.

शनिवारी एका गटात तीन संघ होते. विचुंबे, नेरे आणि खांदा कॉलनी. पाच-पाच ओव्हरचे सामने आणि गटातून एकच संघ रविवारच्या सेमीफायनलला. विचुंब्याने बावन्न करून खांदा कॉलनीला बारा धावांनी हरवलं. मग नेऱ्याने अठ्ठेचाळीस केल्या आणि विचुंब्याची रनआउटची रांगच लागली. एक पळाला की दुसरा उभा, दुसरा पळाला की पहिला उभा. एकोणचाळीसवर सगळे बाद, तेही चार ओव्हर आणि तीन बॉलांत. माइकवर कॉमेंट्रीवाला गुरुदत्त ओरडत होता, "व्हॉट अ थ्रो, व्हॉट अ थ्रो! हृतिकशेट, पायात चप्पल अडकली काय?" शेवटी खांदा कॉलनीने सेहेचाळीस करून नेऱ्याला तीन धावांनी हरवलं.

तिघांचा एकेक विजय. म्हणजे आता नेट रनरेट. आपण ओव्हरमागे किती धावा काढल्या त्यातून समोरच्याने ओव्हरमागे किती काढल्या त्या वजा करायच्या, ज्याची बाकी मोठी तो पुढे.

शिवाकाका मोबाइलवर बोटं मारत बसला. "एक्याण्णव भागिले... पाच अधिक चार पॉइंट तीन..."

"काका, चार पॉइंट तीन नाय," रंजिता म्हणाली.

"अगो, वहीत तूच लिवलंस. चार पॉइंट तीन!"

"ते चार ओव्हर तीन बॉल. ओव्हर सहा बॉलांची. तीन बॉल म्हणजे अर्धी ओव्हर. साडेचार घाला."

शिवाकाकाने मोबाइल खाली ठेवला. अंपायरने चष्मा काढून परत घातला. गेली कित्येक वर्षं हे सगळे चार पॉइंट तीनच घालत आले होते, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. पॅडखालचा एक पाठकोरा कागद ओढून तिने त्यावर सगळं मांडलं. साडेनऊ ओव्हर, भागाकार, वजाबाकी. विचुंबे, पॉइंट अठ्ठ्याहत्तर. नेरे, पॉइंट पंधरा. कॉलनी शून्याच्या खाली.

"आपण पुढं," ती म्हणाली.

गुरुदत्तने ते माइकवर सांगितलं आणि मैदानात नुसता गोंधळ झाला. हृतिकने तिची खुर्ची तिच्यासकट उचलायचा प्रयत्न केला. खुर्चीचा चिरलेला हात आणखी चिरला. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बाबा मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, ते जवळ आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "जा. पहिल्या मजल्यावरच जा. पोरीनं गावाला काढलं वर."

बस. मिळाला क्लास! रंजिताला वाटलं, हे सगळं लिहून ठेवायला वहीत एक रकाना पाहिजे होता.

नेऱ्याची पोरं बॅटा पिशव्यांत भरायला लागली. त्यांचा टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता.

तेवढ्यात अनुया आली. अनुया रंजिताच्याच वर्गातली, खांदा कॉलनीतली. तिचा भाऊ निनाद कॉलनीकडून खेळला आणि कॉलनी बाहेर पडली, म्हणून तिला आता काही काम नव्हतं. अनुयाचं सगळं रंजिताच्या उलटं. इंग्रजीत चौऱ्याण्णव, आणि गणिताच्या तासाला तिच्या पोटात दुखायचं, दर तासाला, न चुकता.

"केवढं ऊन गं," ती म्हणाली आणि टेबलावरचा कागद उचलून वारा घ्यायला लागली.

"अगं, त्यावर माझं गणित आहे!"

"मागच्या बाजूला आहे तुझं. पुढच्या बाजूला नियम आहेत." अनुयाचा हात थांबला. तिला छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नसे, बिस्किटाच्या पुड्याचीसुद्धा मागची बाजू वाचायची. "रंजू, हे काय? इफ अ टीम इज ऑल आउट..."

तो तालुक्याच्या संघटनेने पाठवलेला नियमांचा कागद होता. कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता, एकच पान, सगळा इंग्रजीत. शिवाकाकाने रंजिताला त्याची प्रिंट काढून आणायला सांगितली होती. तिने आणली. मागची बाजू कोरी होती, म्हणून ती कच्च्या कामाला ठेवून दिली. पुढची बाजू तिने पाहिलीसुद्धा नव्हती. इंग्रजीचा कागद दिसला की तिचे डोळे आपोआप घसरून पलीकडे जायचे.

"मराठीत सांग," रंजिता म्हणाली.

"नियम अकरा. संघ ऑल आउट झाला तर रनरेटला त्याच्या ओव्हर पूर्ण धरायच्या. किती खेळले ते नाही, किती खेळायच्या होत्या ते." अनुयाने वर पाहिलं. "मग तुमचे साडेचार कसे चालतील?"

"पाच," रंजिता म्हणाली.

पुढचं गणित कागदावर करायची गरजच नव्हती. दोन्ही संघांच्या ओव्हर आता दहा-दहा. विचुंब्याने काढल्या एक्याण्णव, दिल्या अठ्ठ्याऐंशी. तीन, भागिले दहा. नेऱ्याने काढल्या एक्याण्णव, दिल्या पंच्याऐंशी. सहा, भागिले दहा. तिसरीतल्या पोराला आलं असतं. नेरे पुढे.

"मी कुणाला नाही सांगणार हं," अनुया हळूच म्हणाली. "आम्ही तसेही बाहेर आहोत."

रंजिताने मंडपाकडे पाहिलं. बाबा वडापाव वाटत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, साडेचार, साडेचार, पोरीनं पकडलं बघ. हृतिक अजून नाचत होता. आणि हा कागद उद्याही कुणी वाचणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. परत उलटा ठेवला की संपलं. पहिला मजला तिचा.

पण वहीत चौकार खरा होतो तो तिने चार लिहिल्यावर. मग तिने खोटं लिहिलं तर काय होतं? हा प्रश्न तिला आवडला नाही. तेवढ्यात नेऱ्याच्या टेम्पोचं इंजिन सुरू झालं आणि विचार करायला वेळच उरला नाही.

ती पळत माइककडे गेली.

"अगो स्कोररबाई, काय पेटलं?" गुरुदत्त म्हणाला. तिने त्याच्या हातातून माइक घेतला.

"नेऱ्याचा टेम्पो थांबवा," ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की ती स्वतःच दचकली. "निकाल चुकलाय. माझा चुकलाय. नियमाप्रमाणे नेरे पुढं जातंय. पॉइंट सहा. आपण पॉइंट तीन."

फटाक्यांची माळ अजून तडतडत होती. ती संपायच्या आतच सगळे बोलायला लागले.

"येडी झाली काय गो तू?" हृतिक ओरडला. "घरच्या गोठ्यातली गाय सोडून शेजाऱ्याला दूध!"

"निकाल दिलेला हाय," शिवाकाका म्हणाला. "दिलेला निकाल फिरत नाय."

"मीच दिलेला, काका. मीच मागं घेते."

"कागद कुठं हाय? दाखव."

कागद शिवाकाकाच्या हातात गेला. त्याने तो जवळ धरला, लांब धरला आणि बाबांकडे दिला. बाबांनी बघितला आणि अनुयाकडे दिला. "बाय, तू वाच. खरंच तसं लिवलंय?"

अनुयाने अकरावा नियम इंग्रजीत वाचला आणि मराठीत सांगितला. नेऱ्याचा कप्तान तोपर्यंत बॅटची पिशवी खांद्याला तशीच ठेवून येऊन उभा राहिला होता.

बाबांनी मोबाइल काढला आणि ग्रुप उघडला. नियमांच्या कागदाखाली कमिटीतल्या अकरा जणांनी अंगठा दाखवला होता. त्यात बाबांचाही होता.

"वाचला कुणी होता?" त्यांनी विचारलं. कुणी नाही. "आपले आजे पण असेच अंगठे देत होते. न वाचता. जमिनी गेल्या तेवा कलला कागद काय होता." मग ते शिवाकाकाला म्हणाले, "नेऱ्याला घे पुढं, शिवा. विषय संपला."

विषय संपला नाही. हृतिक संध्याकाळपर्यंत तणतणत होता. पण निकाल बदलला, गुरुदत्तने तो माइकवरून दोनदा सांगितला आणि नेऱ्याच्या पोरांनी पिशव्या परत उघडल्या.

घरी जाताना बाबांच्या गाडीत दोघंच होती. बरंच पुढे आल्यावर बाबा म्हणाले, "फोन करून टाकतो. पहिला मजला बोललोय तर पहिला मजला. भागाकार काय तुझा चुकला नव्हता."

"नव्हताच चुकला," रंजिता म्हणाली. ही गोष्ट तिला महत्त्वाची वाटत होती. "बाबा, तुमी दुसऱ्याच मजल्यावर नाव द्या."

बाबांनी गाडी हळू केली. "का? घाबरलीस?"

"नाय. गणित माझं मी करते. चारुदत्त सरांच्या उदाहरणांचं पुस्तक तेवढं आणून द्या. त्या कागदाचं तसं नाय. तो इतके दिवस माझ्याच टेबलावर होता आणि मला दिसलाच नाय."

"मंग इंग्रजी मोठं ना? मी काय बोलत होतो?"

"मोठं गणितच हाय," रंजिता म्हणाली. "पण जे येत नाय त्यालाच क्लास लावायचा ना?"

बाबा हसले, आणि मग आभा मॅडमला फोन लावून त्यांच्याशी इतकं सांभाळून बोलले, जणू त्यांचंच नाव घालायचं होतं.

रविवारी सेमीफायनलला नेरे एकोणीसवर गडगडलं आणि सरळ हरलं. हृतिक खुर्चीमागे येऊन म्हणाला, "बघ. आमी असतो तर फायनल होती."

"तुमी असता तर रनआउट होता," रंजिता लिहिता लिहिता म्हणाली.

नियमांचा कागद आता टेबलावर सुलटा, चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवलेला होता. प्रत्येक नियमाखाली तिने पेन्सिलीने मराठी लिहिलं होतं. नवव्या नियमात ती अडली होती, तिथे अनुयाचं अक्षर होतं. त्या बदल्यात अनुयाला साडेचार कसे होतात ते तिने तीनदा समजावलं होतं. अनुयाच्या पोटात दुखलं होतं, पण कमी.

दुसरा सेमीफायनल बरोबरीत सुटला. दोन्हीकडे त्रेचाळीस. मैदानात एकच कल्ला झाला आणि गुरुदत्त माइकवरून ओरडला, "स्कोररबाई, कोण पुढं? लवकर बोला, पब्लिक वेडी झालीय!"

रंजिताने हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी कागद वाचू द्या."