आबांनी पाठवलेली मानाची यादी

गावदेवीच्या जत्रेत ओटी भरायचा मान कोणत्या घराचा कितवा, हे आमच्या मानपाड्यात ठरलेलं आहे. पहिला आमचा, म्हणजे माझे सासरे काळुराम, म्हणजे आबा, यांचा. यंदा गावाच्या ग्रुपवर नावं क्रमाने आली, तरी आपलं नाव गाळतील या धास्तीने प्रत्येकाने ते पुन्हा टाकलं. एकमेकांवर भरवसा म्हणून नाही!

माझी मुलगी कृतिका नुकतीच प्रोग्रामिंग शिकायला लागली आहे. दुबार नावं काढायला तिने त्या लिस्टचा सेट केला, सेटची परत लिस्ट केली आणि ग्रुपवर टाकली. गावातल्याच महेंद्रचं घर पहिलं आलं, आमचं तळाला.

आबांचा पारा चढला. कृतिकाचा प्रोग्रामिंगचा क्लास महेंद्रच्याच बिल्डिंगमध्ये.

"कोनी फितवलं तुला? उद्यापासून क्लास बंद!"

खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली.

"आबा, सेटमध्ये प्रत्येक नाव एकदाच राहतं, पण क्रम राहत नाही. मला माहीत नव्हतं," ती रडवेली झाली.

"मशीन काय आपल्या मनानं नावं हलवतंय? परत कर बघू."

तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. आता सखुबाई पहिली. आबांचा संशय आणखी वाढला. पुन्हा, पुन्हा. शेवटी एकदा काळुराम पहिला आला.

"आता बरोबर! जा उद्या क्लासला."

"नाही आबा, हा क्रम पण असाच, योगायोगाने आलाय. मी सेट न करता एकेक नाव बघते, आधी आलेलं नसेल तरच पुढे घेते. मग जुनाच क्रम येईल, तुम्हीच पहिले."

"पयलाच हाय ना मी? मग हात कशाला लावतेस?" त्यांनी डोळे बारीक केले, मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला आणि ग्रुपवर धाडला. दुसरं नावसुद्धा वाचलं नाही.

लगेच फोन आला. तानाजीकाका, आबांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांच्या घराचा मान कायम दुसरा.

"दादा, मला शेवटाला टाकलास? मी काय वाईट केलंय तुझं?"

आबांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. त्यांनी फोन कृतिकापुढे धरला.

"तूच सांग गो त्याला," ते पुटपुटले, "माझं नाय पटायचं."