नुसती मिश्री

सासूबाईंना मी आई म्हणते आणि सासऱ्यांना नाना. नाना म्हणजे सुभेदार धोंडीराम, पलटणीतून निवृत्त होऊन कराडजवळच्या गावी राहिलेले. विडीचं बंडल त्यांनी दोन-चार विड्यांवर आणलं होतं, पण उरलेल्या काही केल्या सुटेनात. शेवटी माझ्या नवऱ्यानं, विलासनं, दोघांना दिल्लीजवळ फरीदाबादला आमच्याकडं बोलावून घेतलं आणि डॉक्टरांकडून नानांसाठी निकोटिनच्या पट्ट्या आणल्या. रोज सकाळी दंडावर नवी पट्टी चिकटवायची, म्हणजे अंगाला निकोटिन थोडं थोडं मिळत राहतं आणि तलफ मरते. पट्टी असताना तंबाखूचा कणही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाना ताठ बसून "येस सर" म्हणाले होते.

विडी खरंच बंद झाली. मी बाल्कनी तपासली, खिसे तपासले, जिन्यात जाऊन वाससुद्धा घेतला. सून म्हणून हे शोभत नाही, पण माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही.

आणि एका दुपारी जेवण झाल्यावर नाना घामानं भिजले. चेहरा पांढराफटक. उलटी झाली, पुन्हा झाली, छाती धडधडतेय म्हणाले. विलास टूरवर लखनौला. मी आणि आईंनी त्यांना धरून रिक्षात घातलं आणि जवळचं हॉस्पिटल गाठलं.

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरनं आधी दंडावरची पट्टी काढून टाकली. "पैच के ऊपर बीड़ी पी है क्या?"

"बिल्कुल नहीं," मी म्हणाले. "मी हमी देते, आय मीन, मैं दिनभर घर पे ही हूँ."

"खैनी? गुटखा? और कुछ?"

आई पुढं झाल्या. नाना पलटणीत असताना त्या गावीच राहिल्या, त्यामुळं त्यांचं हिंदी जेमतेम. "कुछ नहीं जी. बस मिश्री."

डॉक्टर हसला. "मिश्री से क्या होगा, माताजी! शुगर वैसे भी कम आई है. थोड़ी मुँह में रख दो, घुलती रहेगी."

मीही मान डोलावली. माझा जन्म दिल्लीतल्या आर. के. पुरमचा. मिश्री म्हणजे मंदिरात प्रसादाला मिळतात ते पांढरे खडे, आपली खडीसाखर. आईंना गोडाची आवड, पिशवीत असेल पुडी, असं मला वाटलं. नानांनी ऑक्सिजनच्या मास्कआडून काहीतरी पुटपुटत हात हलवला. आई म्हणाल्या, "गप पडून राहा हो. डॉक्टरांनीच सांगितलंय." मी विलासला फोन लावायला बाहेर गेले. त्याचा फोन लागेना.

परत आले तर पडद्याच्या आत धावपळ. मॉनिटरवरचा नाडीचा आकडा चढत चाललेला, नानांचे हात थरथरत होते. डॉक्टरचं हसू केव्हाच मावळलं होतं. "पैच हटाने के बाद सुधरना चाहिए था, ये तो और बिगड़ रहे हैं. मतलब दिक्कत हार्ट में ही है. एंजियोग्राफी के लिए भेजना पड़ेगा. घर में और कौन है? बुला लीजिए."

बुला लीजिए म्हणजे काय, ते कळायला हिंदी लागत नाही. सिस्टर स्ट्रेचर आणायला पळाली. तेवढ्यात नानांना पुन्हा उमासा आला. मी मास्क बाजूला करून रुमालानं त्यांचं तोंड पुसलं, तर रुमाल काळाकुट्ट.

"डॉक्टर! खून!" मी किंचाळले.

तो धावत आला, रुमाल उजेडात धरला. मीही वाकले, आणि नाकात जळक्या विडीचा वास शिरला. मी आईंकडं बघितलं. त्यांची तर्जनी काळी होती.

"आई, हे काय लावलंत त्यांना?"

"मिश्री. आत्ताच नाही का डॉक्टरांना सांगितलं?"

"मिश्री पांढरी असते!"

"पांढरी कशी असेल गं? तंबाखू तव्यावर काळाभोर होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, की झाली मिश्री. दाताला लावायची. काय बाई तुम्ही दिल्लीकर!"

"तंबाकू है," मी डॉक्टरला म्हणाले. "जला हुआ तंबाकू. मराठी में मिश्री यही होती है."

त्यानं कपाळावर हात मारला. स्ट्रेचर थांबवलं. सिस्टरनं नानांच्या हिरड्या पुन्हा पुन्हा पुसून काढल्या. हे हिरड्यांतून सरळ रक्तात जातं, आणि पट्टीचं निकोटिन वरून आधीच चढलेलं, असं डॉक्टर म्हणाला. आता वाट बघायची. आकडा हलेना. आई पुटपुटत होत्या, मी त्या आकड्याकडं टक लावून उभी होते. बऱ्याच वेळानं तो उतरू लागला, आणि नानांच्या ओठांवर रंग आला.

मग मी भडकले. "आई, तंबाखूचा कणही नको म्हटलं होतं ना?"

"भाजल्यावर त्यातला तंबाखू जळून जातो," आई म्हणाल्या. पण आवाज खाली गेला होता. "त्यांची विडी सुटावी म्हणून मीच लावायला शिकवली. हल्ली पट्टी लावली तरी तोंड शिवशिवतं म्हणायचे, तर दुपारी जास्तीची लावली मी. माझ्याच हातानं. आज काही झालं असतं तर?" त्यांनी पदर तोंडाला लावला. मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही.

नानांनी मास्क वर केला. "रडू नको. तुझी चूक नाही. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पलटणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. मिश्री म्हणजे तंबाखूच, विडीइतकीच वाईट. पण 'माझ्यामुळं ह्यांची विडी कमी झाली' असं तू गावभर सांगत होतीस. कसं बोलणार तुला?"

आईंनी डोळे पुसले. त्यांच्या हातात नानांचा हात होता, तो त्यांनी सोडून दिला.

"आणि मी?" त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी रोज लावते. तुमच्या डोळ्यांदेखत. मला का नाही सांगितलंत?"

नानांनी मास्क हळूच पुन्हा तोंडावर ओढला.