नील बेटावरची शेवटची बोट

देवयानीची रजा ऐन वेळी रद्द झाली, म्हणून अंदमानला आईबाबा दोघंच गेले. एका बड्या क्लायंटपुढचं प्रेझेंटेशन नेमकं त्याच शुक्रवारी ठरलं होतं. गुरुग्रामच्या ऑफिसात ते तिच्याशिवाय कुणाला जमणार नाही, असं तिची मॅनेजर सलोनी म्हणाली.

नील बेटाचा तो एक दिवस देवयानीने तीन आठवडे खपून आखला होता. सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरहून जायचं, गाडीने तीन किनारे आणि समुद्रातला, ओहोटीला उघडा पडणारा दगडी पूल बघायचा, मासळीचं जेवण, चारच्या बोटीने परत. घाई नको म्हणून प्रत्येक ठिकाणापुढे तिने वेळही लिहून दिली होती.

साडेनऊला बाबांचा फोन आला. "तो पूल पाण्यात आहे."

"बाबा, ओहोटी आठला होती. बोट उशिरा पोचली का?"

"बोट वेळेवर होती. तुझी आई चहाच्या टपरीवर तासभर बसली."

बाबांची, म्हणजे पद्माकररावांची, सगळी नोकरी दिल्लीत केंद्र सरकारच्या ऑफिसात गेली होती. कागदावर लिहिलेलं झालं नाही, की त्यांना चैन पडत नसे.

साडेअकराला, प्रेझेंटेशनची रंगीत तालीम चालू असताना, पुन्हा तेच. "ही पाण्यात पाय सोडून बसलीय. उठायला तयार नाही. अजून दोन किनारे राहिलेत."

"राहू देत ना. निवांतच फिरायचं होतं."

"मग कागदावर लिहिलंस कशाला?"

देवयानी फोन घेऊन जिन्यात आली. "आईला द्या."

"बोल गं," सरलाताई म्हणाल्या. मागे लाटांचा आवाज होता.

"आई, प्लीज गाडीत बस. बाबा मला सारखे फोन करतायत. माझी इथे वाट लागलीय."

"त्यांना जाऊ दे ड्रायव्हरबरोबर. मी इथेच बरी आहे. गुडघ्याला किती बरं वाटतंय!"

"मी बरोबर असते तर हा गोंधळ झालाच नसता."

"तू असतीस तर घड्याळ बघणारे दोघं झाले असते," आई सहज म्हणाली आणि फोन कट झाला. देवयानीने दोनदा लावून पाहिला. रेंज नव्हती.

अडीचला सलोनी आली. "यार, क्लायंट ने मंडे कर दिया. चलो, अच्छा है, और टाइम मिल गया."

देवयानीला खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. "बिल्कुल," एवढंच ती म्हणाली. मग वॉशरूममध्ये जाऊन तिने नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

सव्वाचारला बाबा. "बोट गेली. मी हिला तीनपासून सांगतोय. ड्रायव्हर सांगतोय. ही म्हणते, पाच मिनिटं. आता इथे रात्रीचं काय करायचं ते सांग!"

डिसेंबर, पर्यटकांचा ऐन हंगाम होता. देवयानीने फोन लावलेल्या सात हॉटेलांनी खोली नाही म्हणून सांगितलं, एकाने फोनच उचलला नाही. पाचला तिकडे अंधार पडतो हे तिला माहीत होतं, आणि ती दोघं सामान पोर्ट ब्लेअरला ठेवून अंगावरच्या कपड्यांनिशी धक्क्यावर उभी होती. आईच्या गोळ्याही तिकडेच. शेवटी ड्रायव्हरनेच ओळखीच्या एका बाईंच्या घरातली खोली बघितली. देवयानीने त्या बाईंशी हिंदीत बोलून आईच्या जेवणाचं सांगितलं, गोळ्यांचं नाव ड्रायव्हरला पाठवलं. त्याला दुकानात त्या मिळाल्या.

सहाला तिने स्वतःच फोन केला. आईने उचलला.

"आई, तू मुद्दाम चुकवलीस बोट."

"हो," आई म्हणाली. "चाळीस वर्षं यांच्याबरोबर फिरतेय, देवी. ताजमहालसुद्धा मी पळत पळत बघितला. एकदा बसायचं होतं."

"मग आधी सांगायचंस! मी दीड तास..."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

नसतंच ऐकलं, हे देवयानीला माहीत होतं. राग मात्र तसूभरही उतरला नाही.

"बाबा कुठेत?"

"अंगणात. त्या बाईंना मासळी बाजाराच्या वेळा विचारतायत. ऐक, उद्याची बोट तू सकाळची काढली असशील. दुपारची कर."

देवयानीने लॅपटॉप पुन्हा उघडला आणि ओठ घट्ट मिटून तिकिटं बदलायला घेतली.