बंब अडकला होता

अग्निशमन केंद्र आणि पोलीस ठाणं एकाच इमारतीत होतं आणि दोघांत मिळून चहाची किटली एकच. तेव्हा सकाळी दहाच्या सुमाराला तिथे काय रंगत असेल ते वेगळं सांगायला नको. पोलीस म्हणायचे, आम्ही दिवसभर पाय झिजवतो आणि तुम्ही आग लागायची वाट बघत लोळता. बंबवाले म्हणायचे, आम्ही लोळतोय म्हणजे सगळं ठीक आहे, तुम्ही पळताय म्हणजे काहीतरी बिघडलंय. या वादात आजवर कुणी जिंकलं नव्हतं, फक्त चहा गार व्हायचा.

पाच महिन्यांपूर्वी या किटलीभोवती एक नवं माणूस आलं होतं. बदली होऊन आलेली बंबाची चालक. हुद्दा लांबलचक होता, म्हणून सगळे तिला बंबवालीच म्हणत. तिचे वडील जन्मभर रोडरोलर चालवत आले होते आणि घरातलं कुणीतरी जरा वेगाने जावं अशी तिच्या आईची फार इच्छा होती. पोरीने ती मनावर घेतली. लाल गाडीच्या चाकामागे बसली की ती आधी डावीकडचा, मग उजवीकडचा आरसा पुसायची, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे काही असायचं त्याला सुखच म्हणायला हवं.

पण चौथ्याच महिन्यात तिने माती खाल्ली. बेकरीवाल्याचा फोन आला: मागच्या अंगणातल्या खोक्यांनी पेट घेतलाय, निळ्या दारापाशी डावीकडे वळा. ती डोळ्यांत तेल घालून निळं दार शोधत गेली. हिरवं दिसलं, पांढरं दिसलं, एक तर चक्क जांभळं दिसलं, पण निळं काही सापडेना. तोवर गल्ली संपली. घाईघाईने मागे घेताना बंब एका कोपऱ्यावर, इकडे भिंत आणि तिकडे दिव्याचा खांब, असा काही रुतला की पुढे जाईना नि मागे येईना. आग शेजाऱ्यांनी बादल्यांनी विझवली, आणि मग तीच माणसं रिकाम्या बादल्या हातात घेऊन बंब सोडवायला आली. चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत एकही खिडकी रिकामी नव्हती.

निळं दार अकरा वर्षांपूर्वीच तपकिरी झालं होतं.

केंद्राच्या साहेबांनी आरडाओरडा केला नाही, तेच जास्त वाईट. ते शांतपणे म्हणाले, "खोकी होती म्हणून निभावलं. आत माणूस असतं तर? तुझी नेमणूक पक्की व्हायला अजून दोन महिने आहेत. पुन्हा पत्ता चुकला, तर चाक सोडायचं आणि गोदामात नळ्या मोजत बसायचं."

ती बाहेर येऊन किटलीपाशी बसली. डोळे भरून आले होते आणि ते लपवण्यासाठी ती कपात फुंकर मारत होती. कपात चहा नव्हता.

समोर ठाण्यातले हवालदार बसले होते. पोलिसाला सगळं जग मामा म्हणतंच, पण हे मामा त्या नावाला शोभायचे. सव्वीस वर्षं त्यांनी याच भागात गस्त घातली होती. कुणाची कुणाशी बोलाचाली बंद आहे आणि ती कशावरून, हे त्यांना त्या दोघांपेक्षा जास्त माहीत असे.

"मामा, ते दार तपकिरी आहे," ती म्हणाली.

"आहेच मुळी."

"मग लोक निळं का म्हणतात?"

"अगं, कारण ते निळं दार आहे!" मामांना प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा मामा केलात."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग हसू आवरून त्यांनी खिशातून जाडजूड वही काढली. "उद्यापासून दुपारी माझ्याबरोबर पायी फिरायचं. तुमच्या साहेबांना मी सांगतो. पाट्या वाचत बसू नकोस, पोरी. पाट्या पाहुण्यांसाठी असतात."

मग दुपारच्या गस्ती सुरू झाल्या. मामा पुढे, ती मागे, हातात वही. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की या गावात कशाचाच कशाला पत्ता नाही. 'नवा पूल' मामांच्या लग्नाआधीचा होता आणि त्यानंतर बांधलेल्या पुलाला लोक 'तो दुसरा' म्हणत. 'तीन पायऱ्यां'ना पायऱ्या होत्या पाच. 'फोटोवाल्याकडे' आता दातांचा डॉक्टर बसायचा, आणि त्याचे पेशंटही दात काढायला फोटोवाल्याकडे जायचे. 'झाडाखाली' म्हणून लोक जिथे भेटत तिथे झाड नव्हतंच; ते कधी होतं का, यावर तिथल्याच दोन भावांचं एकमत होईना. 'घाईवाल्याचं दुकान' दिसलं तेव्हा बंबवालीला वाटलं, चला, हे तरी खरं असेल. सुईदोरा घ्यायला आत गेली ती पाऊण तासाने बाहेर आली.

"घाईवाला त्याचा आजा होता," मामा फुटपाथवर बसून राहिले होते, ते म्हणाले.

सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पण एका कोपऱ्यावरून ती मान खाली घालून भराभर पुढे जायची. भिंतीवर अजून लाल रंगाचा ओरखडा होता. मामाही तिथे आले की आभाळाकडे बघायचे. मात्र एका दुपारी ती एकटीच तिथे गेली, इकडेतिकडे पाहिलं, आणि भिंतीपासून खांबापर्यंतची जागा वितीने मोजली. मग केंद्रात येऊन बंबही मोजला. दोन्ही आरसे मिटून घेतले तर प्रत्येक बाजूला चार-चार बोटं उरत होती. म्हणजे बंब जात होता. त्या दिवशी फक्त तिचं डोकं जागेवर नव्हतं. हे कळल्यावर तिला बरंही वाटलं आणि आणखी वाईटही वाटलं.

वही भरली तेव्हा साहेबांनी भिंतीएवढा नकाशा काढायला लावला आणि एका सुट्टीच्या दिवशी सगळ्या वस्तीला अंगणात बोलावलं. या, बघा, चुकलं असेल तिथे सांगा. पोलिसांनी खुर्च्या मांडल्या, बंबवाल्यांनी चहा केला, आणि इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा किटलीवरून भांडण झालं नाही. लोक मात्र भांडले, आणि मनापासून भांडले. निळं दार कुठून मोजायचं, झाड कुठे होतं, नवा पूल कुठे संपतो. बेकरीवाला तर हमरीतुमरीवर आला. एवढी माणसं आपल्या कामात इतका जीव ओतताहेत हे बघून बंबवालीला भरून आलं.

फक्त निवृत्त भाषाशिक्षिका बाई रागावल्या होत्या. त्यांनी अर्ध्या वस्तीला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीच्या पत्रिकांतल्या चुका काढल्या होत्या. चष्मा नाकावर सरकवून त्या म्हणाल्या, "हा काय पोरखेळ आहे? सरकारने रस्त्यांना रीतसर नावं दिली आहेत. मी फोन केला तर पाटीवरचंच नाव सांगणार. तेही शुद्ध."

"बाई, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी हा जो कोपरा आहे," बंबवालीने नकाशावर बोट ठेवलं. त्याच कोपऱ्यावर. काम ते काम. "याला लोक काय म्हणतात?"

बेकरीवाल्याने कपात तोंड घातलं. कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. मामा आभाळाकडे बघायला लागले.

"त्याला काही नाव नाही," बाई जरा जास्तच पटकन म्हणाल्या.

"नाही, नाही, काहीच नाही," दहा माणसं एका सुरात म्हणाली. बंबवालीने ती जागा कोरी सोडली.

त्यानंतर आठवडाभराने, टळटळीत दुपारी, फोन वाजला. तो साहेबांनी स्वतः उचलला. मामा आणि बंबवाली किटलीपाशीच होते.

"कोण? बाई? हळू बोला, बाई... काय पेटलंय? अक्का आत आहेत?" साहेबांचा चेहरा बदलला. अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. त्यांना ऐकू कमी यायचं आणि चालणं तर जवळपास बंदच होतं. "घाबरू नका. पत्ता सांगा, पाटीवरचं नाव काय? आठवत नाही? बरं, जवळ काय आहे? ... काय? बंब अडकलाय?" साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "अहो बाई, बंब तर माझ्या डोळ्यांसमोर उभा आहे!"

रिसीव्हरमधून बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अहो, बंब अडकला होता ना, तिथून आत! तिथून आत!"

साहेब नकाशाकडे धावले. नकाशावर असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मामांनी काही सांगायला तोंड उघडलं, पण बंबवालीकडे बघून ते तसंच राहिलं.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. म्हणजे आपल्या मागे सगळी वस्ती त्या जागेला हेच म्हणते तर! लाज वाटली, पण ती लाज क्षणभरच टिकली. कारण साऱ्या गावात हा एकच कोपरा असा होता की तो तिला डोळे मिटून सापडला असता.

"साहेब, मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि पळत सुटली.

बंब निघाला तेव्हा मामा एका पायावर लटकतच चढले. नव्या पुलावरून, तीन पायऱ्यांना वळसा घालून, फोटोवाल्याच्या मागून. एकदाही तिला पाटीकडे बघावं लागलं नाही. कोपऱ्यावर पोचताच मामा उडी मारून उतरले, शिट्टी फुंकून त्यांनी गल्ली मोकळी करून घेतली आणि बंबापुढे उलटे चालत हात हलवू लागले. तिने दोन्ही आरसे मिटले. मग चाक घट्ट धरलं.

"दोन बोटं डावीकडे! बास! सरळ! सरळ ये, पोरी, बिनधास्त!"

खिडक्या पुन्हा भरल्या होत्या, पण या वेळी कुणी हसत नव्हतं. भिंत गेली. खांब गेला. चार-चार बोटं, तिने मोजली होती तितकीच. बंब आत शिरला आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या.

पुढचं काम जवानांनी केलं. बाई कढईत तेल तापत ठेवून भाचीच्या अर्जातलं शुद्धलेखन फोनवर दुरुस्त करत बसल्या होत्या. तेलाने पेट घेतला, मग पडद्याने, मग फळीने. स्वयंपाकघराचं दार ज्वाळांनी अडवलं होतं आणि अक्का पलीकडच्या खोलीत होत्या. दोघा जवानांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांना धड काही कळलंच नव्हतं. त्यांनी धुराने चुरचुरणारे डोळे पुसले, समोरची लाल गाडी बघितली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आला का बंब? आज बरा निघाला!"

बंबवाली पायरीवर मटकन बसली आणि हसता हसता रडली. बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या चष्म्यावर काजळी होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात आल्या. साहेबांनी तोवर नेमणुकीच्या कागदावर सही केली होती. महिना लवकरच. ठाण्यातल्यांनी या खुशीत पहिला कप बंबवाल्यांना दिला होता, ही त्याहून मोठी गोष्ट. बंबवाली पेन घेऊन नकाशापाशी उभी होती. त्या कोऱ्या जागेवर तिने ठळक अक्षरांत लिहिलं: बंब अडकला.

मामा आभाळाकडे बघायला लागले.

"राहू दे ना," साहेब म्हणाले. "दुसरं काहीतरी नाव देऊ."

"नको, साहेब. लोक हेच म्हणणार. आणि बाईंनी हेच सांगितलं म्हणून मी पोचले."

बाई चष्मा सावरत पुढे झाल्या. नकाशाजवळ जाऊन त्यांनी ती अक्षरं नीट वाचली आणि मान हलवली.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाईंनी तिच्या हातातलं पेन घेतलं. "'अडकला' लिहिलंस, तर वाचणाऱ्याला वाटेल की अजून अडकलेलाच आहे. तसं नाही. एकदा अडकला होता. मग निघाला."

त्यांनी पुढे 'होता' लिहिलं, आणि पूर्णविरामही दिला.